ॲपमध्ये 'चूक' हा शब्द चालत नसे

कुकरच्या शिट्टीला आमच्या ॲपने बासरीच्या चौथ्या धड्यात तीनपैकी दोन तारे दिले. कारंज्याच्या एका गृहिणीने हे कळवले. तिची तक्रार नव्हती. बासरी कपाटात होती, फोन ओट्यावर होता, धडा चुकून सुरू राहिला होता, असे तिने प्रामाणिकपणे लिहिले होते. खाली प्रश्न होता : राहिलेला एक तारा कसा मिळवायचा? उत्तर द्यायचे काम माझे होते. कंपनीने ठरवून दिलेल्या मजकुरातून मी उत्तर पाठवले : "छान प्रयत्न! तुम्ही अगदी जवळ आला आहात. रियाज सुरू ठेवा."

वाद्ये शिकवणारी ॲप तयार करणाऱ्या त्या कंपनीत मी चार वर्षे काम केले. कंपनीचे नाव देत नाही. दिले तर तिला ती प्रसिद्धी वाटेल. कचेरी पुण्यात होती, मी वाशीममध्ये माझ्या घरी. त्याआधी आयुष्यभर एका दैनिकात उपसंपादक होतो, शेवटी जिल्ह्याचे पान पाहत होतो. ते पान बंद झाले तेव्हा निवृत्तीला थोडा अवकाश होता. कंपनीला मराठी मजकूर लिहिणारा आणि विदर्भातल्या लोकांशी "त्यांच्या भाषेत" बोलणारा माणूस हवा होता. मुलाखतीत मला एकही वाद्य वाजवता येते का, हे कोणी विचारले नाही. पुढे कळले की कंपनीत फारच थोड्यांना ते येत होते आणि त्यांना बैठकांना बोलावत नसत.

ज्यांनी असे ॲप पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. धडा दोन मिनिटांचा असतो, कारण त्याहून मोठा धडा लोक अर्ध्यात सोडतात. धड्यात शिक्षक एक तुकडा वाजवतो, मग शिकणाऱ्याने तो वाजवायचा. फोनचा मायक्रोफोन आवाज घेतो; पेटी घरी नसेल तर पडद्यावरच्या पट्ट्यांवर बोटे टेकवली तरी चालते. स्वर किती उंच आहे आणि तो कोणत्या क्षणी आला, एवढेच ॲप पाहते. आवाज कोणी काढला, कशातून काढला, मुद्दाम काढला की वाफेने निघाला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. जुळले की तारे. तारे साठले की पुढची पायरी. रोज ॲप उघडले की "सलग रियाज" मोजला जातो. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो. लोक संगीतासाठी येतात आणि आकड्यासाठी राहतात, असे आमचे आशयप्रमुख तन्मय उघडपणे सांगत. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणे गोड, रागावलेले मी त्यांना कधी पाहिले नाही.

पहिल्याच आठवड्यात तन्मयनी मला भाषा-धोरण पाठवले. त्यात वर्ज्य शब्दांची यादी होती : चूक, चुकीचे, बेसूर, बेताल, नापास, पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या जागी वापरायचे शब्द शेजारी दिले होते : छान प्रयत्न, जवळ आलात, वा. माणसाला चुकला म्हटले की तो ॲप काढून टाकतो, असा सिद्धांत होता. वर्तमानपत्रात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हाच शब्द सगळ्यात जास्त ऐकावा लागतो, आणि जो ऐकून टिकतो त्यालाच पुढे काही लिहिता येते. हे मी तन्मयना सांगितले. ते म्हणाले, "म्हणूनच पेपर बंद पडतायत, सर." यादी मी संगणकाशेजारी चिकटवली.

पोहरादेवीच्या यात्रेच्या दिवसांतली गोष्ट. गर्दीने त्या भागातले मोबाईलचे जाळे बसले. मंगरूळपीरचे एक निवृत्त ग्रामसेवक यात्रेला गेले होते. त्यांचा पेटीचा सलग रियाज दोनशे दिवसांवर पोचला होता, तो तुटला. त्यांनी एकामागून एक अकरा तक्रारी पाठवल्या. शेवटी मी फोन केला आणि बोलणे सुरू करायचे म्हणून विचारले, तुमची पेटी कोणत्या पट्टीची आहे?

"पेटी?" ते म्हणाले. "पेटी कायले पायजे? मोबाईलमंदी आहे ना."

"म्हणजे घरी पेटी नाही?"

"घरी बायको आहे. तिले आवाज चालत नाई. मी आवाज बंद करूनच रियाज करतो."

"आवाज बंद करून?"

"बोटं बरोबर पडतात ना, तारे येतात ना! तुमी माहे दिवस वापस देता का नाई, थे सांगा पह्यले."

मी पुण्याला कळवले. त्यांचे दोनशे दिवस तासाभरात परत मिळाले. दिलगिरीचा संदेश गेला, सोबत वाद्याचे एक रंगीत चित्र बक्षीस म्हणून गेले. कंपनीला एखादी गोष्ट तातडीने करायची असली तर ती करू शकते, हे मी त्या दिवशी पाहिले. पुढे जे घडले त्यात हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

कंपनीला नंतर "मातीतले गुरू" हवे झाले. शहरातल्या शिक्षकांचे धडे सगळ्यांकडेच होते. तन्मयनी माझ्याकडे नाव मागितले आणि मी किसनराव वानखडे यांचे दिले.

किसनराव कामरगावच्या बाजूला एका गावात राहतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. भीमगीतांच्या मंडळात ते आयुष्यभर पेटीवर बसले. बातमीदारी करत असताना जयंतीच्या आणि धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमांत मी त्यांना अनेकदा ऐकले होते. पेट्या दुरुस्तही करतात. गावच्या विहारात संध्याकाळी मुलींना शिकवतात. शिकवण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. पहिले आठ दिवस पट्टीला हात लावू देत नाहीत. फक्त भाता, म्हणजे पेटीच्या मागचा तो पंख्यासारखा पडदा, डाव्या हाताने ओढायचा आणि सोडायचा. हवा एकसारखी येऊ लागली की मग पहिला स्वर.

ॲपचे ऐकून ते आधी हसले, मग तयार झाले. कारण त्यांनीच सांगितले. "लेकी शिकतात, मंग कालेजात अमरावतीले जातात. पेटी इथंच राह्यते. मोबाईलात आलं त माहं शिकवनं त्याइच्या संगं जाईन."

तन्मय एका छायाचित्रकाराला घेऊन आले. दोन दिवसांचे काम होते. पहिल्या दिवशी मी हजर होतो. किसनरावांनी पेटी पुढे घेतली आणि भात्यापासून सुरुवात केली.

"काका, हे सोडू या," तन्मय म्हणाले. "डायरेक्ट सा पासून घ्या."

"भात्याबगर सा येते का?"

"ॲपमधल्या पेटीला भाता नाहीये, काका. स्क्रीनवर फक्त पट्ट्या आहेत."

किसनरावांनी माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "मंग थे पेटी नोय बाप्पा. थे बटनं होय."

तन्मय मनापासून हसले आणि हे वाक्य जाहिरातीला छान आहे म्हणाले. भात्याचा धडा घेतलाच नाही. ज्याला तारे देता येत नाहीत तो धडा होत नाही, हा नियम. किसनरावांनी पुढचे चोवीस तुकडे मुकाट्याने वाजवून दिले. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. घरी इतर मजकूर साचला होता, असे माझे कारण होते.

त्या दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी किसनरावांनी तन्मयना भिंतीवरची एक चाळणी काढून दाखवली. तुरी चाळायची, हातभर रुंद, लोखंडी कड्याची. तिचे कडे डफड्याचे आहे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. गावात लग्न असो, पोळा असो, मयत असो, डफडे वाजवणे हे त्यांच्या समाजावर लादलेले काम होते. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली धर्मांतर झाले तेव्हा अनेक गावांत लोकांनी ही कामे टाकली. किसनरावांच्या वडिलांनीही टाकली. त्यांनी डफड्याचे कातडे कापून काढले, कड्याला तारेची जाळी बसवून घेतली आणि बायकोच्या हातात चाळणी दिली. किसनराव तेव्हा लहान होते, पण वडिलांना कातडे कापताना पाहिलेले त्यांना आठवते. पाहुण्याला चाळणी दाखवायची आणि हे सांगायचे, असा त्या घरात रिवाज आहे.

तन्मयनी चाळणी हातात घेतलेल्या किसनरावांचा फोटो घेतला. पुण्यात तो फोटो चित्र साफ करणाऱ्या यंत्रणेतून गेला. यंत्रणेने जाळीची भोके डाग समजून भरून काढली. गोल कड्यात गुळगुळीत, पिवळसर पृष्ठभाग तयार झाला. डफडे तयार झाले. सोबत तन्मयची टीप मला आली : "नवीन कोर्सची कल्पना! डफडे. रूट्स, हेरिटेज. लवकरच येत आहे असं टाकू. चार ओळी द्या, सर."

मी चार ओळी दिल्या. "पिढीजात डफडेवादक किसनराव वानखडे. वाडवडिलांकडून आलेली थाप आजही त्यांच्या बोटांत जिवंत आहे. वऱ्हाडच्या मातीचा हा ताल शिका, थेट घराण्याकडून." लिहायला दहा-अकरा मिनिटे लागली असतील.

मी याच जिल्ह्यात वाढलो. त्या गावातल्या त्या आडनावाच्या घरात डफडे असणार नाही, आणि का असणार नाही, हे इथल्या कोणत्याही बातमीदाराला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येईल. चाळणीची गोष्ट सांगतानाचे किसनरावांचे चित्रीकरण माझ्या संगणकावर आलेले होते. मी ते उघडले नाही. हाताखालच्या मुलाने अशी बातमी आणली असती तर मी ती त्याच्यासमोर फाडली असती.

चारेक दिवसांनी भर दुपारी किसनराव एसटीने वाशीमला आले. त्यांच्या नातीने फोनवरचे पान पाहिले होते. स्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्यांनी ते कागदावर काढून आणले होते.

"जय भीम, राऊत साहेब." ते बसले नाहीत. कागद टेबलावर ठेवला. "हे कोनं लिवलं?"

"मी."

"तुमाले मालूम नव्हतं?"

"माहीत होतं."

त्यांनी कागदावरच्या डफड्यावर बोट ठेवले. "माह्या बापानं छप्पन सालानंतर डफड्याले हात लावला नाई. मार खाल्ला, पोया आला तवा मालकाच्या दारात उभा राह्यला अन् 'नाई वाजवत' मने. तुमी माह्या हातात देल्लं. थेही फोटोत."

मग त्यांनी फोटोतल्या चाळणीची गोष्ट सांगितली आणि गावात काय झाले तेही. गावातल्या एका मोठ्या शेतकरी घरातले बाळासाहेब, वयाने किसनरावांच्या मुलासारखे, त्यांनी चौकात हाक मारली होती. किसनरावांनी तीच हाक त्याच आवाजात काढून दाखवली : "काय किसन्या! मोबाईलवर दुनियेले वाजवून दाखवतं, मंग आमच्या दारात काहून नाई? पुतन्याचं लगन आहे. ये डफडं घेऊन, जेऊन जाय!"

"रागानं म्हणाले?"

"रागानं म्हनला असता त बरं झालं असतं. हासून मने. जसं काई मंदातले सत्तर साल झालेच नाई."

विहारातल्या मुलींच्या आईवडिलांनीही विचारायला सुरुवात केली होती. काका, तुमच्या घरात परत डफडे धरले का, म्हणून. दोन मुली यायच्या बंद झाल्या होत्या. पेटी शिकवायला म्हणून किसनराव ॲपमध्ये गेले आणि ॲपमुळे विहारातली पेटी बंद पडायची वेळ आली.

त्यांच्यासमोरच मी तन्मयना फोन केला.

"पण सर, रिस्पेक्टनेच लिहिलंय ना?" तन्मय म्हणाले. "पिढीजात किती पॉझिटिव्ह आहे!"

मी छप्पन साल सांगितले, चाळणी सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. "ओह. ही गोष्ट काका त्या दिवशी सांगत होते, मी लाइट बघत होतो. सेन्सिटिव्ह आहे. काढून टाकतो." वीस मिनिटांत पान नाहीसे झाले आणि मला संदेश आला : विषय बंद.

किसनराव अजून उभेच होते. मी फोन दाखवून म्हणालो, काढले.

"काढलं म्हंजे?"

"आता कोणाला दिसणार नाही."

"ज्यायनं वाचलं त्याइले कोन सांगन?" ते म्हणाले. "बाळासाहेबाच्या मोबाईलातून निंगालं. त्याच्या डोक्शातून निंगालं का? तुमी पेपरवाले ना? पेपरात चुकलं त काय करत होते तुमी?"

पेपरात चुकले तर चूक-दुरुस्ती छापत असू. नियम असा की चूक ज्या पानावर, दुरुस्ती त्याच पानावर. दुरुस्ती असते ती ज्याने चुकीचे वाचले त्याच्यासाठी. वर्तमानपत्रांचे फार कौतुक करायचे कारण नाही. आम्ही ती लहान टायपात, निविदांच्या शेजारी, शक्य तितकी खाली ढकलत असू. तरी ती असे. तिच्यात चूक हा शब्द असे. पान हवेत विरघळून आधी काही छापलेच नव्हते असे दाखवायची सोय आमच्याकडे नव्हती, आणि ती नव्हती हे बरे होते.

ॲपमधून रोज सकाळी सगळ्यांच्या फोनवर एक ओळ जात असे. "पेटी तुमची वाट पाहते आहे." "आज रियाज केलात ना?" या ओळी मीच लिहीत असे. त्यातली एक सकाळ मी तन्मयकडे मागितली. मजकूर दिला : "चूक-दुरुस्ती : किसनराव वानखडे डफडे वाजवत नाहीत. ते पेटी शिकवतात. आधीचा मजकूर चुकीचा होता."

"सर, यात चूक शब्द दोनदा आलाय," तन्मय म्हणाले.

"हो."

"तो धोरणात बसत नाही. तुम्हाला माहितीये."

"मग ॲपने चूक केली तर ती कशी सांगायची?"

"नवीन माहिती म्हणू या ना! किंवा थांबा, क्विझ करू. 'किसनकाकांच्या भिंतीवर काय आहे? डफडे की चाळणी?' बरोबर उत्तराला तीन तारे. लोकांना स्टोरी पण कळेल."

हे सगळे ते अत्यंत सद्‌भावनेने बोलत होते. चार वर्षांत मला कंपनीत दुष्ट माणूस भेटला नाही. तिथे कोणाला कोणाचा अपमान करायचा नव्हता. फक्त एक माणूस रागावून दारात येऊन उभा राहू शकतो, हे त्यांच्या कोणत्याही आराखड्यात नव्हते. ग्रामसेवकाचे न वाजवलेले दोनशे दिवस तासाभरात परत करणाऱ्या कंपनीला एक ओळ पाठवता येईना.

क्विझला मी नकार दिला. तन्मयनी विषय वर नेला. आठवड्याने निर्णय आला. कायदेशीर सल्लागारांना जोखीम वाटली, म्हणून कंपनीने किसनरावांचे सगळेच धडे काढून टाकले. चोवीसही. विहारात त्यांच्याकडे पेटी शिकलेली एक मुलगी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होती, रोज तेच धडे लावून भाड्याच्या खोलीत पेटी वाजवत होती. तिने मला लिहिले, "काकांचे धडे कुठे गेले?" ठरवून दिलेल्या मजकुरात या प्रश्नाला एकच उत्तर होते : "या धड्यांच्या जागी लवकरच आणखी छान धडे येत आहेत!" ते मी पाठवले नाही. दुसरेही काही पाठवले नाही.

त्या आठवड्यात मी नोकरी सोडली, असे लिहायला आवडले असते. सोडली नाही. पुढे पाच महिने रोज सकाळची ओळ लिहिली. बासरीचा, गिटारचा, कॅजोनचा मजकूर लिहिला. कॅजोन म्हणजे काय ते आजही मला नीट माहीत नाही. त्यावर बसून ते वाजवतात, एवढे लिहिण्यापुरते वाचले होते. मग मराठीत वाढ दिसत नाही म्हणून कंपनीने मराठी विभागच बंद केला आणि त्यात मीही गेलो. निरोपाच्या संदेशात मला तीन तारे होते.

किसनरावांचा फोन दर महिन्या-दोन महिन्यांनी येत असे. शिवी नाही, आवाज चढवणे नाही. "छापलं का, राऊत साहेब?" एवढेच. माझ्या जुन्या दैनिकात आता जिल्ह्याचे पान नाही, तिथल्या नव्या संपादकांनी हा आमचा विषय नाही म्हणून कळवले. ते बरोबरच होते. चूक त्यांच्या पानावर झालेली नव्हती.

या वर्षी या अंकाच्या संपादकांनी मला लेख मागितला. विषय त्यांनीच सुचवला होता : तंत्रज्ञानाने संगीत घराघरांत कसे पोचवले. हजार-दोन हजार शब्द, शक्यतो प्रसन्न. मी होकार दिला आणि शेवटची चौकट माझ्या मनाप्रमाणे छापायची अट घातली. चौकटीत काय असेल ते त्यांनी विचारले नाही. लेख वेळेवर मिळतो आहे यातच ते प्रसन्न होते.

चौकटीचा मसुदा घेऊन मी गावी गेलो. संध्याकाळची वेळ होती. विहाराच्या ओट्यावर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी पेटीपुढे बसून नुसता भाता ओढत होती. स्वर नव्हता, फक्त हवेची ये-जा. शेजारी तिची आई बसली होती, लक्ष ठेवून. पूर्वी आया सोबत येत नसत, असे किसनराव म्हणाले.

त्यांनी चष्मा लावून मसुदा वाचला. दोनदा वाचला. मग माझ्या खिशातला पेन मागितला.

"हे 'अनवधानानं' काय होय?"

"लक्ष नसताना झालं, असं. चूक-दुरुस्तीत तसंच लिहायची पद्धत आहे."

"तुमाले मालूम होतं मंता ना?"

"होतं."

"मंग हे कायले?" त्यांनी शब्द खोडला. सावकाश, खालचे अक्षर दिसू नये इतका. "अन् हे 'आमच्याकडून' म्हंजे कोन कोन?"

"तशीच पद्धत आहे."

"कितीक जन होते लिवाले?"

"मी एकटा."

तोही शब्द गेला. त्यांनी पेन परत दिला. "हा अंक बाळासाहेब वाचते का?"

"घरी येतो त्यांच्या. वाचतात की नाही ठाऊक नाही."

"तुमीच नेऊन द्या. पोस्टानं नोका धाडू. तुमचं बसनं-उठनं आहे त्याइच्या वाड्यात. पान उघडून समोर ठेवा, अन् त्यायनं वाचेपावतर तिथून हालू नोका."

मी हो म्हणालो. मुलीचा भाता मध्येच अडखळला. किसनरावांनी तिकडे न पाहता जमिनीवर दोन बोटे आपटली, आणि हवा पुन्हा एकसारखी येऊ लागली.

चौकट त्यांनी तपासली तशी देत आहे.

चूक-दुरुस्ती : वाद्ये शिकवणाऱ्या एका ॲपमध्ये श्री. किसनराव वानखडे यांचा उल्लेख पिढीजात डफडेवादक असा केला होता आणि त्यांच्या हातात डफडे दाखवले होते. हे दोन्ही खोटे आहे. किसनरावांनी डफडे कधीही वाजवलेले नाही. त्यांच्या वडिलांनी ते छप्पन साली सोडले व त्याच्या कड्याची चाळणी केली. फोटोत ती चाळणी होती. ती आजही घरात वापरात आहे. किसनराव पेटी वाजवतात व गावच्या विहारात रोज संध्याकाळी शिकवतात. चुकीचा मजकूर मी लिहिला. लिहिताना मला खरे माहीत होते.